लाँचीची नवी वायर

टेंभुर्णीच्या बाजाराची माणसं घेऊन लाँच पाण्याच्या मध्यावर आली होती. सुकाणू धरून बसलेल्या रंभाबाईच्या पायाखालच्या फळीतून धुराची एक बारीक दोरी वर आली. तिला वाटलं, कुणी तरी बिडी चिरडून टाकली असेल. पण धूर जाड होत गेला, जळक्या रबराचा वास सुटला आणि फळी तळव्याला चटके देऊ लागली.

"आवं, धूर! हितं खालनं धूर निगतोय!"

तिचा नवरा जोतीराम पुढच्या बाजूला तिकिटाचे पैसे गोळा करत होता. तो उड्या टाकत मागं आला, इंजन बंद करायचा आकडा ओढला आणि बादलीनं पाणी उपसून फळीवर ओतायला लागला. लाँचीतली माणसं एकदम उठली. एका बाजूला बोजा पडला तशी लाँच कलली, आणि कुणाची तरी कोंबड्यांची पाटी पाण्यात गेली.

"बसा! खाली बसा रं! समदी बुडाल!" जोतीराम ओरडला.

आग विझली. पण मग सेल्फचं बटन दाबलं तर इंजन चालू होईना. एकदा दाबलं, धा वेळा दाबलं. खालून साधा टक् आवाजसुद्धा आला नाही. वारा लाँचीला हळूहळू ढकलत जुन्या गावाकडं घेऊन चालला. तिथं आता नुसता चिंचेचा वाळला शेंडा पाण्याबाहेर होता, त्यावर बगळे बसले होते. लाँचीतल्या बाया देवाचं नाव घेऊ लागल्या. उन्हं कलायला आली तेव्हा मासे धरणारा सिदू त्याची काहील वल्हवत आला. गूळ शिजवायची लोखंडी काहील. धरण व्हायच्या आधी जोतीरामाच्या घरानं पिढ्यान् पिढ्या तसल्याच काहिलीतून माणसं भीमा नदीच्या पार नेली होती. सिदूनं दोर बांधला, चार गड्यांनी फळकुटांनी पाणी मारलं, आणि काहिलीच्या मागं लाँच लंगड्या म्हशीगत काठाला आली.

"जोतीबा, काहिलीनं लाँच वडली की रं!" काठावरचा एक जण बोलला. माणसं हसली. जोतीराम दोर गुंडाळत राहिला. त्याच्या मानेवरची शीर टरारून फुगलेली रंभाबाईला मागून दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून लाँचीत कुणी बसेना. माणसं फुफाट्यातनं कोसच्या कोस वळसा घालायला लागली, पण घाटाकडं फिरकेनात.

एकोणऐंशी साल चाललं होतं. धरणात पाणी अडवलं तसं जुनं गाव पोटात गेलं आणि नदीचं समुद्रावाणी झालं. पल्याडचा इंदापूरकडचा काठ नुसता रेघेएवढा दिसायचा. तिथं काहिलीचं काय चालतंय? म्हणून जोतीराम आणि त्याचा धाकटा भाऊ भीमा, दोघांनी कोकणातल्या खाडीवरची ही जुनी लाँच घेतली आणि ट्रकवर घालून घाट चढवून आणली. भीमा अकलूजला कारखान्याच्या ट्रॅक्टरवर होता. इंजन त्याला कळायचं. जोतीरामाला पाणी कळायचं. वाऱ्याचा वास घेऊन तो लाट कधी उठणार ते सांगायचा. फळीखाली काय आहे ते मात्र त्यानं कधी वाकून बघितलं नव्हतं.

भीमानं सोलापूरला सात रस्त्याजवळ गाड्यांची वायरिंग करणाऱ्या नागप्पाला गाठून आणलं. नागप्पा पन्नाशीचा, कपाळाला भस्माचे पट्टे, खांद्यावर वायरींची वेटोळी. बोलण्यात मधूनमधून कानडी यायचं. त्यानं फळ्या उचकटल्या आणि आत बघून कपाळाला हात लावला.

"अय्यो, ह्ये काय वायर म्हनायचं का गांडूळ?"

वायरीवरचं कापड कुजून गेलं होतं. आतलं रबर बोटाला लागलं की भुगा होऊन गळायचं. खाडीच्या खाऱ्या पाण्यानं तांबं हिरवं पडलं होतं. नागप्पानं फ्यूजची डबी उघडली, आतलं एक चमकतं काही तरी चिमटीत धरून वर केलं.

"फ्यूजच्या जाग्याला शिग्रेटची चांदी लावलीय. कुनी लावली ओ? फ्यूज जळत न्हाई म्हनून तर वायर जळली. कुना शहान्यानं लावली?"

भीमा भावाकडं बघेना. रंभाबाईनंही मान खाली घातली. दिवाळीच्या सुमाराला लाँचीचा दिवा गेला होता, तेव्हा जोतीरामानंच ती चांदी लावून दिवा पेटवला होता आणि दिवसभर खुशीत होता. आता तो उठला, काठावर जाऊन पाठमोरा बसला आणि फाटकं जाळं विणायला घेतलं.

काम चालू झालं. जुनी वायर निघेना. कुठं खिळ्यात अडकलेली, कुठं डांबरात बसलेली. फळीखालच्या नळीतून नवी वायर ओढायची, तर भीमाचा हात आत जाईना. रंभाबाईचा गेला. ती पालथी पडून, गाल ओल्या फळीला लावून, खांद्यापर्यंत हात आत घालून वायर सरकवायची आणि पलीकडून भीमा ओढायचा.

"वैनी, तांबडी सोडा."

"घ्या."

"आता काळी."

हातावर ओरखडे उठले, नखात ग्रीस बसलं. पण तिला ते काम आवडत होतं. कुठली वायर कुठं जाते हे नागप्पा बोलत बोलत सांगायचा आणि तिच्या ध्यानात राहायचं. तिनं त्याच्या मनगटावरचे पांढरे डाग बघून विचारलं, "भाजलं व्हय?"

"बॅटरीचं आशिड, ताई. शिकाऊ हुतो तवा उडालं. उस्ताद मला धरून नळाखाली बसवला. मी रडतोय, तो सोडत न्हाई. आशिडाला औशद एकच, पानी. तूप न्हाई, हळद न्हाई. पानी, पानी, आनि पानी."

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉर्न वाजला. काठावरची म्हैस दावं तोडून पळाली. पोरं नाचायला लागली. भीमानं भर उन्हात दिवा लावून दाखवला. जोतीराम जाळं टाकून जवळ आला, दिव्याच्या काचेला पंजा लावून बघितला आणि गालात हसला. तो हसला म्हणून रंभाबाईलाही हलकं वाटलं.

पण नागप्पा हसला नाही. त्यानं इंजन चालू करून बॅटरीच्या पेटीत डोकावलं.

"कटाऊट गेलाय, ती करंट तोडायची डबी. डायनॅमो बॅटरीला चारत सुटलाय, थांबवायला कुनी न्हाई. बगा, भातासारकी उकळतीय. ह्यातनं वायू निगतो. पेटीत साठला आनि एक ठिणगी पडली, तर तोफ उडंल. नवीन कटाऊट बशीवल्याबगर लाँच चालवायची न्हाई. माझ्या दुकानात न्हाई, हुडकावा लागंल. भीमा, तू चल माझ्यासंगट."

हे तो बोलला तेव्हा जोतीराम म्हशीला आणायला गेला होता. ऐकलं ते भीमानं आणि रंभाबाईनं. सकाळच्या गाडीनं नागप्पा आणि भीमा सोलापूरला गेले.

ऊन वर आलं आणि पल्याडच्या काठावर पांढरं फडकं हललं. पार करायचं असलं की माणसं असंच फडकं हलवायची. जोतीराम डोळ्यावर हात धरून उभा राहिला.

"बाईमानूस दिसतंय. एकली हाय."

"आवं, लाँच चालवू नगा म्हनलेत. बॅटरीचं काय तर ऱ्हायलंय. भावजी येऊ द्या."

"परवा धूर निगाला तर समदं गाव हसलं. आता नवी वायर हाय, हॉर्न वाजतोय, तरी बी माझं मी लाँच न्हेऊ नगं? भीमा आल्याबिगर मी बसून ऱ्हाऊ?"

"तसं न्हवं..."

"पल्याड मानूस उबं ऱ्हायल्यावर आमच्या घरानं कंदी पाठ केली न्हाय, रंभे. चल, सुकानू धर."

ती गेली. बॅटरीच्या पेटीचं झाकण तिनं स्वतः उघडं टाकलं. इंजन एका दमात चालू झालं. जोतीरामानं काठावर बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून उगाचच हॉर्न मारला.

पल्याडची बाई पार्वतम्मा, अक्कलकोटकडची. साठीची, अंगानं भक्कम. साखर कारखान्यावर असलेल्या जावयाकडं लेकीला भेटायला आली होती, आता परत निघाली होती. हातात गाठोडं आणि पितळेचा तांब्या. बसायला जागा बघू लागली तसं जोतीरामानं पेटीचं झाकण लावलं, धोतराच्या सोग्यानं ते पुसलं आणि म्हणाला, "बसा आव्वा, ऐसपैस बसा."

रंभाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. परक्या बाईपुढं नवऱ्याला टोकायचं कसं? वल्हव म्हटलं की वल्हवायचं, ह्याच्यातच तिची उमर गेली होती. पल्याडनं आल्याड यायचं तेवढ्यात काय होतंय, असंही मनात आलं.

अर्धं पाणी मागं पडलं. पार्वतम्मा चुळबुळ करू लागली.

"गडी, बुडाला गरम लागतंय ओ. आनि वास कसला? अंडं कुजल्यागत."

ती उठून पुढच्या फळीवर जाऊन बसली. जोतीरामानं झाकण उचललं. रंभाबाईला तो ओणवा झालेला दिसला. बॅटरीच्या टोकावरची पकड ढिली होऊन हलत होती. त्यानं शेजारचा पाना उचलला.

"आवं, हात लावू—"

पुढचं तिच्या तोंडातून निघालं की नाही तिला कधीच आठवलं नाही. एक निळा लखलखाट, आणि विहिरीत सुरुंग उडावा तसा आवाज. काळ्या कवचाचे तुकडे तिच्या डोक्यावरून गेले. तिला ऐकू यायचं थांबलं. इंजन तसंच चालू होतं, डिझेलच्या इंजनाला एकदा चालू झाल्यावर बॅटरी लागत नाही. फळी पायाखाली धडधडत होती, पण आवाज नव्हता. आणि त्या मुक्या जगात जोतीराम दोन्ही हातांनी डोळे झाकून गुडघ्यावर बसला होता. त्याचं तोंड उघडं होतं. तो किंचाळत असणार. सदरा त्याच्या छातीवर बघता बघता विरत होता, वाळवीनं खाल्ल्यासारखा.

रंभाबाई दगड झाली. ती नुसती बघत राहिली. किती वेळ, कोण जाणे. मग तिच्या पोटातून एकच शब्द वर आला. पानी.

तिनं सुकाणू सोडलं, त्याच्या मानेला धरलं, कडेला ओढलं आणि त्याचं डोकं लाँचीच्या काठावरून खाली पाण्यात दाबलं.

तो धडपडला. पाण्यात पोहून वाढलेला गडी, पण डोळ्यांपुढं अंधार आणि मानेवर कुणाचे तरी हात. त्यानं कोपर मारलं, ते तिच्या बरगडीत बसलं. तिनं डोकं वर काढलं, श्वास घेऊ दिला, अंगठ्यानं पापण्या ताणल्या आणि पुन्हा दाबलं. तिचं बोट त्याच्या दाताखाली सापडलं. त्यानं चावलं. तिनं सोडलं नाही.

"बिडु! बिडु! अय्यय्यो, नवऱ्याला मारतीय!" पार्वतम्माचा हा ओरडा रंभाबाईला ऐकू आलाच नाही; तिच्या पाठीत नुसतं काही तरी सपासप बसू लागलं. पार्वतम्मानं पायातली चप्पल काढली होती. पाठीत, डोक्यात, कानावर. "सोड रांडे! बुडवतीस व्हय त्याला! सोड!"

कान तेवढ्यात फुटल्यासारखे मोकळे झाले आणि सगळे आवाज एकदम आत आले. त्याची किंकाळी, इंजन, म्हातारीच्या शिव्या.

"आशिड हाय!" रंभाबाई ओरडली. "डोळ्यात आशिड गेलंय! पानीच पायजे! मारा मला, पर पानी वता!"

चप्पल वर उचललेली तशीच राहिली. म्हातारीनं जोतीरामाच्या छातीवरचा विरलेला सदरा बघितला. चप्पल टाकली, तांब्या पाण्यात बुडवला आणि त्याच्या तोंडावर धार धरली. सुकाणूला कुणी नव्हतं. लाँच पाण्यावर गरागरा गोल फिरत होती आणि दोघी बाया एका गड्याला दाबून धरून त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतत होत्या.

थोड्या वेळानं पार्वतम्मा म्हणाली, "तू जा, नाव काठाला घे. ह्याला मी धरते." ती त्याच्या पोटावर चक्क बसली आणि पाण्याची धार तिनं तुटू दिली नाही.

काठाला सासू बजाबाई धावत आली. कुणी तरी तिच्या हातात तुपाची वाटी दिली होती. "डोळ्यात तूप घाला, गार वाटंल माज्या लेकराला!"

"मुट्टब्याड! हात लावू नको!" पार्वतम्मा हातात तांब्या घेऊन आडवी झाली. "पानी आणा. घागरी आणा."

उसाच्या ट्रकमध्ये वाड्याच्या हिरव्या पाल्यावर झोपवून त्याला सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पार्वतम्मा आपल्या वाटेनं न जाता ट्रकमध्ये चढली. टेंभुर्णी गेली, मोहोळ गेलं, आणि सगळ्या वाटेनं ती घागरीतून तांब्या भरत राहिली. रंभाबाईचं बोट सुजून काळं झालं होतं. ते तिला दवाखान्यात नर्सनं दाखवलं तेव्हा दिसलं.

डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा गेला. डावा राहील, वेळेवर धुतला म्हणून राहील. रंभाबाईला त्यातलं "गेला" एवढंच ऐकू आलं. ती भिंतीला टेकून बसली. रडू येईना. कुणी चहा आणून दिला तो साय धरून गार झाला.

निरोप मिळून भीमा आणि नागप्पा आले. नागप्पाच्या हातात कागदात गुंडाळलेला नवा कटाऊट होता. तो कुठं ठेवावा हे त्याला समजेना. तो पायरीवर खाली बसला.

"मी सांगितलं हुतं ओ," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"सांगितलं व्हतं," रंभाबाई बोलली. "मला."

दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेला जोतीराम शुद्धीवर आला. रंभाबाईनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, तर तो अंगावर साप पडल्यागत दचकला आणि त्यानं तो हात झिडकारला.

"कोन हाय?"

"मी. रंभी."

तो भिंतीकडं सरकला. "भीमा कुटंय? भीमाला बोलवा. मला हिच्या हाती देऊ नगा. हिनं मला पान्यात दाबला. वर येऊ दिना मला."

भीमानं समजावलं. डॉक्टरांनी सांगितलं. त्याला पटलंही असेल, पण अंगाला पटलं नाही. तिचं पाऊल वाजलं की त्याची बोटं चादर आवळायची. पाण्याचं भांडं जवळ आणलं की मान आपोआप मागं जायची. उभ्या जन्मात पाण्याला न भ्यालेला माणूस तोंड धुवायला पाणी घेईना.

घरी आणला. एका गालावर कातडं आवळलेलं, उजवी पापणी कायमची मिटलेली. तो अंगणात कुडाच्या सावलीला, घाटाकडं पाठ करून बसायचा. लाँच चालू झाली होती. नागप्पानं येऊन कटाऊट बसवला, नवी बॅटरी बसवली, पेटीला चारी बाजूंनी भोकं पाडून दिली आणि जेवायला न थांबता गेला. भीमा इंजन बघायचा, रंभाबाई सुकाणू धरायची. माणसं पुन्हा बसू लागली. बाया कुजबुजायच्या, "हीच की, जिनं नवऱ्याला बुडवला म्हनं." ती लाटांकडं बघत राहायची.

सगळ्यात अवघड काम डोळ्यात थेंब सोडायचं. बजाबाईचे हात कापायचे, भीमा घरी नसायचा. म्हणजे तीच. ती बाटली घेऊन आली की जोतीराम तिचं मनगट पकडायचा. थेंब पडेपर्यंत सोडायचा नाही, घट्ट, हाडाला हाड लागेल असा. ढकलून द्यायच्या तयारीनं. तिच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठून राहिले.

चैत्रात पार्वतम्मा पुन्हा आली. लेक बाळंत झाली होती, पल्याड चालली होती. लाँचीत चढायच्या आधी ती थेट घरी आली, जोतीरामापुढं बसली आणि त्याचं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडं वळवून बघितलं.

"ह्या डोळ्यानं दिसतंय का रं?"

"दिसतंय. धुराटल्यागत."

"मी कशी दिसते?"

"म्हातारी."

"बराबर दिसतंय." ती हसली, मग हसणं थांबलं. "तुझ्या बायकूला मी चप्पलनं मारलं. लई मारलं. माझा हात दुकला. तू तिचं बोट फोडलास. मला वाटलं, आता सोडंल, आता सोडंल. ती सोडली न्हाई. मी माझ्या जन्मात नवऱ्याला एवढं घट्ट धरलं न्हाई, बाबा."

म्हातारी गाठोडं उचलून घाटावर गेली. रंभाबाई तिला पार करून आली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. ती बाटली घेऊन त्याच्यापुढं बसली आणि सवयीनं आधी मनगट पुढं केलं.

त्यानं पकडलं नाही. हात मांडीवरच राहिले. त्यानं मान मागं कलती केली आणि स्वतःच्या दोन बोटांनी डावी पापणी ताणून धरली. तो लालसर, धुरकट डोळा तिच्याकडं बघत होता.

रंभाबाईनं बाटली उलटी केली. थेंब गालावर पडला. दुसरा नाकावर. तिची बोटं थडथड उडत होती, बाटली दातांसारखी वाजत होती, आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं.

"काय गं," तो म्हणाला, "हात का कापतोय?"

"कुटं कापतोय," ती म्हणाली आणि बाटली मातीत ठेवून, पदर तोंडात कोंबून, त्या दिवसापासून न आलेलं रडू रडत बसली. तो पापणी तशीच ताणून धरून थांबला होता.